सेवांतर्गत प्रशिक्षणाची भोजनोत्तर मीमांसा

अभियंते आणि प्रकल्प व्यवस्थापक यांच्या ज्ञानात, कौशल्यात आणि वृत्तीत नोकरी चालू असताना नियोजनपूर्वक घडवून आणलेल्या वाढीला सेवांतर्गत व्यावसायिक विकास असे म्हटले जाते, आणि ही वाढ होत असताना प्रत्यक्ष काम बंद ठेवावे लागते हे तिचे व्यवच्छेदक लक्षण मानावे लागेल. वाढीचा उगम परिपत्रकात असतो. हे परिपत्रक बहुधा शुक्रवारी सायंकाळी, कार्यालयातील निम्मी माणसे दुचाकीला किक मारत असताना येते. त्यात सांगितलेले दोन दिवसांचे प्रशिक्षण सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता सुरू व्हायचे असते. आणि त्याचा विषय ‘कामाचे आगाऊ नियोजन’ हा असतो. परिपत्रकाच्या तळाशी ‘उपस्थिती अनिवार्य’ हे दोन शब्द ठळक ठशात छापलेले आढळतात. पगाराच्या, दिवाळी बोनसच्या किंवा संक्रांतीच्या तिळगुळाच्या सूचनेत हे शब्द कधी छापावे लागत नाहीत, यावरून ज्ञान आणि तिळगूळ यांच्या मागणीविषयी जे अनुमान निघते ते सुज्ञ वाचकाने स्वतःच काढावे.

परिपत्रकानंतरची पायरी नामनिर्देशनाची असते. नामनिर्देशन म्हणजे कोणाचा विकास व्हावा, हे ज्याचा विकास व्हायचा आहे त्याला वगळून इतर सर्वांनी मिळून ठरवणे. ज्या अभियंत्यावाचून काम अडते त्याला प्रशिक्षणाला पाठवता येत नाही, कारण काम अडते. ज्याला प्रशिक्षणाचा खरोखर उपयोग होईल त्याला पाठवणे धोक्याचे, कारण नवे काही शिकून आल्यावर तो प्रश्न विचारू लागतो किंवा दुसरीकडे नोकरी शोधू लागतो. म्हणून ज्याची खुर्ची दोन दिवस रिकामी राहिली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, त्याचे नाव एकमताने निश्चित होते. हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहिल्याने कोणत्याही कार्यालयात सर्वांत प्रशिक्षित मनुष्य आणि सर्वांत निवांत मनुष्य यांचा स्वतंत्रपणे शोध घेत निघालेले दोन संशोधक अखेर एकाच टेबलाशी येऊन थांबतात. निवृत्तीला चार महिने उरलेल्या उपअभियंत्याची ‘येत्या दशकातील महामार्ग तंत्रज्ञान’ या विषयासाठी झालेली निवडही याच शास्त्रात बसते; त्या दशकात ते गृहस्थ महामार्गाने फक्त पंढरपूरला जाणार असतात. नामनिर्देशनाला हरकत घेण्याची तरतूद आहे, पण ती हरकत कशी निकाली निघते याचा नमुना पाहण्यासारखा आहे.

“साहेब, माझं ताणतणाव व्यवस्थापन मागच्याच महिन्यात झालंय.”

“म्हणजे आता ताण उरलेला नाही. मग हेही करून या.”

हा प्रकार सनातन नव्हे. गंगा कालव्याच्या कामाला माणसे हवीत म्हणून १८४७ मध्ये रुडकीला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार व्हावेत म्हणून १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग आणि यांत्रिकी शाळा सुरू झाली. माणसाला आधी शिकवावे, मग कामावर धाडावे आणि पुढचे शिकवणे कामावर सोपवावे, अशी त्यामागची साधी समजूत होती. पुण्यातून १८८३ साली अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नाशिक, खानदेश, पुणे असे कामे करीत फिरले, आणि १९०३ मध्ये त्यांच्या संकल्पनेतील स्वयंचलित दरवाजे खडकवासल्याच्या धरणावर बसले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की हे दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. माणसामाणसांत समन्वय घडवून आणणाऱ्या कार्यशाळा तेव्हा निघालेल्या नसल्यामुळे की काय, त्यांनी समन्वयाचे काम थेट पाण्याकडेच सोपवले होते. त्यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ सप्टेंबर, हा आता अभियंता दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी त्यांच्या तसबिरीला हार घालून निरंतर शिक्षणावर दीड तासाचे व्याख्यान ठेवले जाते, आणि भर पावसाळ्यात खड्ड्यांशी झुंजणारे जे अभियंते त्या व्याख्यानाला येऊ शकत नाहीत त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला जातो.

आज मात्र शिकवण्याची साधने विपुल आहेत. नाशिकला अभियंत्यांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण प्रबोधिनी आहे, पुण्यात यशदा आहे, केंद्राने २०२० मध्ये मंजूर केलेल्या ‘मिशन कर्मयोगी’मुळे सरकारी नोकरांना घरबसल्या पाठ घेता येतात, आणि खासगी कंपन्यांसाठी महामार्गालगतच्या हॉटेलांची ती सभागृहे आहेतच, जी लग्नाचे मुहूर्त नसलेल्या दिवसांत ज्ञानाला भाड्याने दिली जातात. पुढील विवेचन यांपैकी कोणत्याही एका ठिकाणाचे नाही. ते सभागृह नावाच्या एकूण परिस्थितीचे आहे.

प्रशिक्षणाचा आरंभ दीपप्रज्वलनाने होतो, आणि ज्योत विझू नये म्हणून पंखे बंद केले जात असल्यामुळे ज्ञानाच्या पहिल्या प्रकाशात सर्वांना घाम फुटलेला असतो. उद्घाटक अधिकारी चाळीस मिनिटे उशिरा येऊन वक्तशीरपणावर वीस मिनिटे बोलतात. त्यानंतर प्रोजेक्टर चालत नाही. या क्षणी सभागृहात विद्युत आणि अणुविद्युत शाखांचे डझनभर पदवीधर बसलेले असतात, आणि त्यांच्यातील प्रत्येकजण निदानासाठी पुढे सरसावतो: एकाला दोष अर्थिंगमध्ये दिसतो, दुसऱ्याला संगणकाच्या ड्रायव्हरमध्ये, तिसरा केबल उलटसुलट करून पाहतो, आणि चौथा हे यंत्र खरेदी करताना निविदेतील तांत्रिक निकष कसे चुकले असावेत याचे विवेचन सुरू करतो. अखेर पाण्याच्या बाटल्या वाटणारा मुलगा येऊन भिंतीवरचे बटण दाबतो आणि पडद्यावर ‘सुस्वागतम्’ उमटते. त्या मुलाची हजेरीपटावर सही नसते.

यानंतर परस्परांतील संकोच घालवण्यासाठी एक खेळ घेतला जातो, त्याला आइसब्रेकर म्हणतात. याचा सर्वांत रूढ प्रकार असा की, प्रत्येकाने आपल्या आडनावाच्या आद्याक्षराने सुरू होणारे एक गुणवाचक विशेषण स्वतःला लावून ओळख करून द्यायची. त्यामुळे कुलकर्ण्यांना कर्तबगार आणि पाटलांना पराक्रमी होण्याची संधी विनासायास मिळते. परंतु ज्याचे आडनाव ‘ढ’ने सुरू होते त्या गुणी अभियंत्याला मराठी भाषेत ढकारादी स्तुतिपर विशेषण शोधण्यात चहाच्या सुटीपर्यंतचा वेळ घालवावा लागतो, आणि शेजाऱ्याने कानात सुचवलेले ‘ढिम्म’ हे विशेषण तो घाईत उच्चारून बसल्यास पुढची वीस वर्षे खात्यात तेच टिकते. छंद सांगताना बहुतेक सर्वजण वाचन हा छंद सांगतात. “सध्या काय वाचताय?” असे प्रशिक्षकांनी कौतुकाने विचारले असता मागच्या रांगेतून “निविदा” असे एकच प्रामाणिक उत्तर येते.

संघभावना रुजवण्यासाठी योजलेला मनोऱ्याचा खेळ येथे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. पीटर स्किलमन यांनी योजलेल्या आणि टॉम वुजेक यांनी जगभर पोहोचवलेल्या या खेळात चौघांच्या गटाला स्पॅगेटीच्या, म्हणजे कडक लांब शेवयांच्या, वीस काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, तेवढाच दोरा आणि मार्शमॅलो नावाची एक हलकी फुगीर गोड वडी दिली जाते. अठरा मिनिटांत जास्तीत जास्त उंच मनोरा उभारून वडी त्याच्या शिखरावर ठेवायची असते. बालवाडीतील मुले या खेळात व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधरांना मागे टाकतात, असे वुजेक यांचे निरीक्षण आहे, कारण मुले प्रथमपासून वडी वर ठेवून पाहत जातात आणि पदवीधर आधी पुढारीपण कोणाकडे असावे हे ठरवत बसतात. स्थापत्यविशारद आणि अभियंते यांची कामगिरी मात्र सर्वांत सरस ठरल्याचेही त्यांनी नमूद केले आहे. हे निरीक्षण महाराष्ट्राला लागू करताना दोन स्थानिक अडचणी येतात. पहिली अशी की, चार अभियंत्यांच्या गटात चौघेही संकल्पचित्र काढतात आणि काड्या हातात घ्यायला कोणी उरत नाही. दुसरी अशी की, तालुक्याच्या बाजारात मार्शमॅलो न मिळाल्यामुळे संयोजक त्याऐवजी कंदी पेढा आणतात.

पेढा शिखरावर ठेवताच मनोरा कोसळतो, आणि संकल्पनेत गृहीत धरलेला भार व प्रत्यक्ष आलेला भार यांतील तफावतीची जबाबदारी कोणाची, यावर वाद पेटतो. एक गट वाढीव काड्यांसाठी सुधारित अंदाजपत्रक मागतो. दुसरा मुदतवाढीचा अर्ज करतो, आणि त्यात वातानुकूलन यंत्राच्या वाऱ्याला दैवी आपत्ती ठरवतो. तिसऱ्या गटातील ज्येष्ठ अभियंता या गदारोळात पेढा उचलून शांतपणे खाऊन टाकतो, त्याबरोबर मनोरा डौलाने उभा राहतो आणि भार हटवल्यामुळे संरचना सुरक्षित झाल्याचा दाखला तोंडीच दिला जातो. प्रशिक्षक विचारतात, “यातून आपण काय शिकलो?” उत्तर येते, “पुरवठादार बदलायला हवा.”

दुपारी पाऊण वाजता प्रशिक्षक अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये मांडलेली मानवी गरजांची उतरंड समजावून सांगू लागतात. अन्नपाण्यासारख्या शारीरिक गरजा भागल्याखेरीज मनुष्य आत्माविष्काराकडे वळत नाही, हा तिचा सारांश; आणि दाराच्या फटीतून पनीरच्या भाजीचा वास येत असताना या सिद्धान्ताला जेवढा पाठिंबा मिळतो तेवढा क्वचितच कोणत्या सिद्धान्ताला मिळाला असेल. जेवणात जिरा राइस, डाळ, पनीर, पापड आणि गुलाबजाम हे पदार्थ असतात, आणि जेवणानंतरचे सत्र सर्वांत कठीण विषयाला द्यावे असा अलिखित नियम असल्यामुळे अडीच वाजता करारातील लवादाची कलमे सुरू होतात.

या सत्रातील झोपेचे वर्गीकरण अभियंत्यांनी स्वतःच्याच परिभाषेत केलेले आहे. दोन्ही कोपरे टेबलावर टेकून तळहातांवर हनुवटी ठेवलेली झोप ही ‘सिंपली सपोर्टेड’, म्हणजे दोन टोकांना आधार असलेली. मान खांद्यांपासून पुढे हवेत झुकलेली झोप ही ‘कँटिलिव्हर’, म्हणजे एक टोक घट्ट आणि दुसरे अधांतरी असलेली, जिच्यात भार वाढताच अचानक झटका बसतो. आणि डोळे उघडे, पाठ ताठ, चेहऱ्यावर सौम्य संमतीचा भाव अशा स्थितीत घेतलेली झोप ही ‘प्रीस्ट्रेस्ड’, म्हणजे भार येण्यापूर्वीच ताण देऊन ठेवलेली होय. शेवटचा प्रकार साधायला किमान पंधरा वर्षांची सेवा लागते आणि तो सामान्यतः अधीक्षक अभियंत्यांत आढळतो. विस्मरणाचे मापन करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून पाहिले होते आणि एका दिवसात त्यांतील सुमारे दोन तृतीयांश श्रम वाया जातात असे त्यांना आढळले होते. लवादाच्या सत्रातील इंग्रजी आद्याक्षरांचे गट या प्रयोगासाठी त्यांना आयते मिळाले असते. शिवाय एक दिवस थांबावेही लागले नसते.

प्रकल्प व्यवस्थापकाची अवस्था याहून गहन आहे. अभियंता काम करतो. ते काम कधी व्हायचे होते, आता कधी होईल आणि तोवर वर काय सांगायचे, याचा हिशेब ठेवणाऱ्याला प्रकल्प व्यवस्थापक म्हणतात. त्याला हेन्री गँट यांनी १९१०च्या दशकात रूढ केलेला आडव्या पट्ट्यांचा तक्ता शिकवला जातो, आणि ड्यूपाँ कंपनीत १९५७च्या सुमारास विकसित झालेली क्रिटिकल पाथची पद्धतही शिकवली जाते. क्रिटिकल पाथ म्हणजे कामांची अशी साखळी, जिच्यातील एक दिवसाचा उशीर अख्ख्या प्रकल्पाचा एक दिवस खातो. प्रत्यक्षात ही साखळी ज्या टेबलावर फाइल अडली आहे त्या टेबलावरून जात असते. परंतु तक्त्यात टेबल दाखवण्याची सोय नसल्यामुळे व्यवस्थापक ती जागा फिकट निळ्या रंगाने भरतो आणि बैठकीत त्या रंगाचे सर्वजण कौतुक करतात.

या व्यवसायात मानाचे समजले जाणारे पीएमपी हे प्रमाणपत्र, १९६९ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था १९८४ पासून देत आली आहे. ते एकदा मिळवून भागत नाही. दर तीन वर्षांत व्यावसायिक विकासाची ६० एकके जमवून त्याचे नूतनीकरण करावे लागते, आणि या एककाला पीडीयू म्हणतात. एक तास शिकले की एक पीडीयू, असा सरळ हिशेब आहे. तीन वर्षांत साठ तास म्हणजे महिन्याला दोन तासांहूनही कमी. परंतु इतरांच्या प्रकल्पांचे टप्पे पाडून देण्यात ज्याची हयात गेली तो हिंजवडीतील किंवा नवी मुंबईतील व्यवस्थापक पहिली पावणेतीन वर्षे या कामाला हातही लावत नाही, आणि उरलेल्या आठवड्यांत ध्वनिचित्रफिती दीडपट वेगाने लावून घरभर हिंडू लागतो. अशा वेळी जोखीम व्यवस्थापनाचे व्याख्यान स्वयंपाकघराच्या ओट्यावर चालू असते आणि त्याचा खरा लाभ कुटुंबाला होतो.

“अहो, तुमचा तो माणूस विचारतोय, जोखीम ओळखली का म्हणून.”

“हो म्हणून बटण दाब. आणि गॅस बारीक कर.”

वाचनाचीही यात गणना होते आणि पंधरा मिनिटांसाठी पाव एकक नोंदवता येते. प्रस्तुत निबंध सावकाश, मध्ये चहा घेऊन वाचल्यास वेळेच्या निकषावर पाव एककाचा दावा सहज उभा राहतो. तो मान्य होईल की नाही हे मात्र निबंधाच्या दर्जावर अवलंबून असल्यामुळे त्याबाबत कोणतीही हमी येथे दिलेली नाही.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेतील सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेत १९८०च्या दशकात झालेल्या अभ्यासातून ७०-२०-१० नावाचे एक सूत्र प्रचारात आले. यशस्वी अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरून असा निष्कर्ष काढण्यात आला की, मनुष्य जे शिकतो त्यातील ७० टक्के प्रत्यक्ष कामातून, २० टक्के इतर माणसांकडून आणि जेमतेम १० टक्के अभ्यासवर्गांतून शिकतो. हे सूत्र प्रत्येक प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला पडद्यावर दाखवले जाते, म्हणजे उरलेले दोन दिवस कशासाठी आहेत हे आरंभीच स्पष्ट होते. याउलट पीएमपीच्या नूतनीकरणासाठी तीन वर्षे व्यवस्थापक म्हणून प्रत्यक्ष काम केल्याबद्दल जास्तीत जास्त ८ एकके मिळतात. साठांतील आठ म्हणजे तेरा टक्क्यांच्या थोडे वर. तीन वर्षांत एखाद्याने खाडीवर पूल उभारला, भूसंपादनाचे खटले निस्तरले, दोन पावसाळे आणि एक निवडणूक पार पाडली, तरी हिशेबात ते सारे आठ तासांच्या व्याख्यानाइतकेच भरते, आणि व्याख्यानात तर मधली सुटीही असते.

संगणकावरील अनिवार्य पाठांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. चित्रफीत संपेपर्यंत ‘पुढे’ हे बटण उजळत नाही, एवढ्या एका यांत्रिक तत्त्वावर ही शिक्षणपद्धती उभी आहे, आणि म्हणून अनेक कार्यालयांत सकाळी चार-पाच फोन खिडकीच्या कठड्यावर ओळीने ठेवलेले दिसतात, जे माहिती सुरक्षेविषयी एकमेकांना सांगत असतात. शेवटच्या दहा प्रश्नांची उत्तरे व्हॉट्सॲपच्या गटावर आदल्या रात्रीच आलेली असतात. माहितीची गोपनीयता कशी राखावी, या पाठाची उत्तरेही तेथेच असतात.

आता शिकणे प्रत्यक्षात कोठे होते ते पाहू. स्लॅबचे काँक्रीट पडत असताना पदवीनंतरचा पहिला पगार नुकताच हाती आलेला अभियंता व्हायब्रेटरची नळी एकाच जागी घट्ट धरून उभा असतो, कारण काँक्रीट ठोस बसले पाहिजे एवढे त्याला पुस्तकातून ठाऊक असते. तेव्हा मुकादम फळीवरून ओरडतो, “साहेब, तिथंच धरून ठिवू नका, खडी खाली बसंल अन् पाणी वर येईल.” कंपन प्रमाणाबाहेर गेले की घटक वेगळे होतात, हे त्या अभियंत्याने परीक्षेत सहा गुणांसाठी लिहिलेले असते, ते नेमके कधी होते, हे मात्र कोणी सांगितलेले नसते. “कळायचं कसं?” असे तो विचारतो. “आवाज बदलतो की तिचा. हवा निघाली की सूर एकसारका व्हतो.” या वाक्यासाठी मुकादमाला मानधन मिळत नाही, त्याने पडद्यावर एकही बाण काढलेला नसतो, आणि अभिप्रायाचे कोष्टक भरून घेण्याऐवजी तो थुंकून पुढच्या घमेल्याकडे वळतो, पण तो अभियंता पुढे मुख्य अभियंता झाला तरी स्लॅबवर उभा राहिला की आधी कान देतो.

असाच एक गुरू कार्यालयातही असतो. मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापे ज्यात नोंदवून त्यावरून देयक काढले जाते ती वही, लिहिताना नव्या अभियंत्याने चुकलेला आकडा खोडरबराने पुसण्याचा प्रयत्न केला की विभागाचे लेखापाल चष्म्यावरून पाहतात. “पुसायचं नाही. आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा घालायचा आणि सही करायची. पुसलेलं लपवलेलं दिसतं, खोडलेलं चुकलेलं दिसतं. चुकलेल्याला मेमो, लपवलेल्याला चौकशी.” व्यावसायिक नीतिमत्तेवर एवढा आटोपशीर पाठ कोणत्याही हॉटेलच्या सभागृहात झालेला ऐकिवात नाही. तथापि लेखापाल आणि मुकादम या दोघांचीही नोंद ‘बाह्य तज्ज्ञ’ या रकान्यात करता येत नाही, कारण एक बाह्य नाही आणि दुसऱ्याकडे पॅनकार्डाची प्रत नाही.

प्रशिक्षणाचे मूल्यमापन कसे करावे याचे शास्त्र जुने आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये त्याच्या चार पातळ्या मांडल्या: प्रशिक्षणार्थींना ते आवडले का, ते काही शिकले का, त्यांचे कामातील वागणे बदलले का, आणि त्यातून संस्थेला फळ मिळाले का. यांपैकी पहिल्या पातळीवर आपली प्रगती पूर्ण झालेली असून उरलेल्या तिन्ही विचाराधीन आहेत. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी अभिप्रायाचे कागद वाटले जातात आणि ते भरून दिल्यावरच प्रमाणपत्र हाती पडते, त्यामुळे शेवटच्या एसटीची वेळ जवळ आलेला मनुष्य सर्व रकान्यांत ‘उत्कृष्ट’ अशी खूण करतो. घाईत कागदाच्या मागील बाजूस छापलेल्या, सभागृहाच्या जुन्या लग्नपत्रिकेच्या नमुन्यावरही एखादी खूण पडते. सूचनांच्या जागी ‘गुलाबजाम छान होते’, ‘एसी कमी करावा’ आणि ‘पुढील प्रशिक्षण महाबळेश्वरला घ्यावे’ या तीन सूचना आढळतात, आणि वार्षिक अहवालात तिसरीचे रूपांतर ‘प्रशिक्षणार्थींकडून अधिक प्रशिक्षणाची मागणी’ असे होते.

ज्यांनी हे कागद भरले ते लोक कोण, हे ध्यानात घेतले म्हणजे आश्चर्य वाढते. काँक्रीटवर यांचा कवडीचा विश्वास नसतो. ट्रक दारात आला की त्यातून नमुना काढतात, दीडशे मिलिमीटर बाजूचे ठोकळे भरतात, ते पाण्यात बुडवून ठेवतात, काही सातव्या दिवशी आणि काही अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात घालून फुटेपर्यंत दाबतात, आणि एम-२० प्रतीच्या काँक्रीटने चौरस मिलिमीटरला २० न्यूटनचा दाब सोसला नाही तर ठेकेदाराची झोप उडवतात. काँक्रीटला ‘तुला मिश्रण कसे वाटले?’ असा प्रश्न विचारून त्याच्या समाधानावर देयक मंजूर केल्याचे एकही उदाहरण नाही. तेच लोक दोन दिवसांच्या विद्येने स्वतःत किती बळ आले, हे पाच चेहऱ्यांच्या चित्रांपैकी सर्वांत हसऱ्या चेहऱ्यावर खूण करून प्रमाणित करतात.

ही विसंगती गुणनियंत्रण शाखेतील एका कनिष्ठ अभियंत्याच्या ध्यानात आल्यास काय घडेल, हे तर्काने सांगता येण्यासारखे आहे. तो असा प्रस्ताव ठेवील की, प्रशिक्षणाचीही अठ्ठाविसाव्या दिवशी चाचणी घ्यावी. प्रस्ताव अभिनव म्हणून मान्य होईल, समिती नेमली जाईल, तिचा अहवाल येईपर्यंत अठ्ठावीस दिवसांचे चार वेळा अठ्ठावीस दिवस होतील, आणि चाचणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक विभागाला आपला एक माणूस पाठवण्याचे फर्मान निघेल. येथे बांधकामावरील एक जुनी चलाखी उपयोगी पडेल. चाचणीचे ठोकळे भरताना काही ठेकेदार त्यांच्यापुरते सिमेंट हात सैल सोडून घालतात, म्हणजे ठोकळा पोलादासारखा निघतो, मग स्लॅबचे काहीही होवो. त्याच न्यायाने विभागप्रमुख प्रशिक्षणाला जाऊन आलेला निवांत मनुष्य बाजूला ठेवून चाचणीला आपला सर्वांत पक्का माणूस धाडतील. तो पहिला येईल. निकालाच्या आधारे प्रशिक्षण शंभर टक्के यशस्वी झाल्याचे जाहीर होईल, छायाचित्र काढले जाईल, आणि प्रमाणपत्रावर तुकडीचा क्रमांक घालण्यासाठी नोंदवही उघडली असता असे निदर्शनास येईल की हा मनुष्य गेल्या नऊ वर्षांत एकाही प्रशिक्षणाला गेलेला नाही, कारण दर वेळी तो साइटवर होता.

लेखापरीक्षणात हे उघडकीस येण्यापूर्वी दुरुस्ती करणे भाग असल्याने त्याला पुढच्या तुकडीत अनिवार्यपणे बसवण्यात येईल, आणि आदेशाची प्रत हातात घेऊन तो साहेबांच्या दारात उभा राहील.

“साहेब, सोमवारी स्लॅब आहे. बघणार कोण?”

“मुकादम आहे ना.”